हात आल्याशिवाय

३ फेब्रुवारी

भाऊजी,

माझं पत्र बघून काळजात धस्स होईल, म्हणून आधीच सांगते: घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी. कुठल्या कागदावर तुमची सही नको आहे. आणि नोव्हेंबरात तुम्ही फाटकातूनच परत गेलात, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. चहा ठेवला होता, एवढंच.

काम एका रॉडचं आहे. मासे धरायच्या.

तुमच्या दादाचा मोबाईल मी अजून चार्ज करून ठेवते. गेल्या आठवड्यात तो वाजला. पलीकडे रॉड बांधून देणारा एक कारागीर. म्हणाला, "साहेब, काठी तयार आहे. कड्या बांधून झाल्या, वॉर्निश वाळलं. मूठ तेवढी राहिली. येतो म्हणालात आणि आलाच नाहीत!" मी सांगितलं की साहेब आता नाहीत. तो म्हणाला, "अरेरे. मग मुठीचं काय करायचं?"

मला हसू आलं, भाऊजी. तुमचा दादा असता तर तोही हसला असता. एखाद्याचा चष्मा तयार होऊन पडलाय आणि माणूसच नाही, असं त्याच्या दुकानात दोनतीनदा झालं होतं, आणि दर वेळी त्याच्या तोंडून आधी हेच निघालं होतं: "मग फ्रेमचं काय करायचं?"

गेल्या नऊ वर्षांत त्यानं रॉडला हात लावला नव्हता. बाबांचा जुना रॉड माळ्यावर होता, आणि तो खाली उतरला तो थेट दादा गेला त्या सकाळी, असंच मी धरून चालले होते. आता कळलं की ऑक्टोबरातच त्यानं नवीन रॉड करायला टाकला होता. मला अवाक्षर बोलला नाही. एरवी मी रागावले असते. पण मला आनंद झाला. का झाला, ते आज लिहीत नाही.

रॉड पुरा करून घ्यायचं मी ठरवलंय. फक्त मुठीतलं मला काही कळत नाही. बुचाची की फोमची, जाड की बारीक, अखंड की मध्ये उघडी काठी सोडलेली, मागचा दांडा आखूड की लांब. तुम्ही दोघं एकाच नावेत लहानाचे मोठे झालात. त्याच्या हाताला कसली मूठ बरी वाटेल?

'वाटेल' लिहून गेले. 'वाटली असती' हवं. मी विम्याचे दावे तपासणारी बाई, एक क्रियापद चुकलं की लोकांचे अर्ज परत पाठवते. माझं राहू द्या तसंच.

तुमची,
वहिनी


११ फेब्रुवारी

भाऊजी,

उत्तर आलं नाही. टपालखात्याला दोष देऊन पुढे लिहिते.

शनिवारी त्या कारागिराकडे गेले. सायकलच्या दुकानामागे, मागच्या रस्त्याकडे तोंड केलेली पत्र्याची लांबट खोली आहे. आजूबाजूचे लोक त्याला 'अर्धा सूत' म्हणतात, कारण अर्ध्या सुताच्या फरकावरून तो गिऱ्हाइकाशी भांडतो. त्याला त्या नावाचा राग नाही. उलट दारावर पाटी लावायचीच बाकी ठेवली आहे. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना त्याला दम लागत नाही. "माझा रॉड एकदा धरला की माणूस दुकानातल्या रॉडकडे बघत नाही. बायकोनं वाढदिवसाला आणून दिला तरी नाही."

त्यानं बाकावर मुठीच मुठी मांडल्या. आत काठी नाही, नुसत्या मुठी.

"धरा."

"मी मासे धरत नाही हो."

"मासा कोण धरा म्हणतंय? मूठ धरा."

धरल्या. बारीक मूठ आधी छान वाटली. त्यानं टोकाला वजन बांधलं आणि मला तशीच उभी ठेवून चहा सांगायला बाहेर गेला. तो परत येईपर्यंत माझ्या अंगठ्याच्या मुळाशी कळ आली होती. म्हणाला, "बारीक मुठीला माणूस आवळून धरतो. आवळलं की हात दमतो. मूठ अशी पाहिजे की आपण मिटलोय हे हाताला कळूच नये." मग जरा जाड दिली. मग फोमची. ती ओल्या हातातून निसटत नाही, पण धरल्यावर ती फोमच राहते. बूच तसं नाही. बूच बघता बघता तुमच्या हाताइतकं कोमट होतं, आणि मग कुणीतरी उलट धरल्यासारखं वाटतं. मी ती मूठ पटकन खाली ठेवली. आवडली नाही म्हणून नव्हे.

रीळ कसं धरायचं तेही त्यानं दाखवलं. ते काठीखाली लोंबतं, त्याचा पाय बोटांच्या मधून जातो, दोन बोटं पुढे आणि दोन मागे. "पुढची दोन नाजूक काम करतात, मागची दोन ओझं उचलतात. घरातल्यासारखंच," म्हणाला आणि स्वतःच हसला. मग टेप काढून विचारलं, "हात कुणाचा?"

"माझ्या नवऱ्याचा."

त्यानं टेप परत गुंडाळली. "घरात दुसरं कुणी मासे धरतं का?"

"नाही."

"भाऊबंद?"

"आहेत. लांब असतात. येणंजाणं नाही."

त्यानं फळीवरून जुन्या रुमालात बांधलेली एक वस्तू काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "हा त्यांनीच आणून दिला होता. घरी नेऊन बघा. मग ठरवू."

नळाच्या पाइपचा हातभर तुकडा, आणि त्याच्याभोवती गळती बुजवायच्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, गोळा. लांबी ओली असताना कुणीतरी ती घट्ट मुठीत धरली होती, आणि ती तशीच दगडासारखी वाळली होती. घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. अंगठ्याचा खळगा त्याचा आहे. काच घासताना चाक लागून अंगठ्याच्या पेरावर जी तिरपी रेघ पडली होती ती त्यात अगदी स्वच्छ उठली आहे. अंगठा त्याचा. तर्जनी आहे. मधलं बोट आहे.

त्यापुढे काही नाही. जिथे आणखी दोन बोटं रुतायला हवीत तिथे नुसता गुळगुळीत उतार.

मी खुर्ची मागे सरकवून उठले. हात त्याचा आणि दोन बोटं नाहीत. त्याच्या त्याच दोन बोटांबद्दल मला एक गोष्ट आधीपासून माहीत आहे. नोव्हेंबरापासून. ती तुम्हाला सांगितलेली नाही, आताही सांगत नाही. पण तिच्यामुळे मला त्या टेबलावर भलतंच दिसलं. मी गोळ्यावर नॅपकिन टाकला. तो तर आणखी वाईट दिसायला लागला, म्हणून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर त्याचा कप होता, कान खिडकीकडे करून. तो ठेवायचा तसा. मी माझा कप भिंतीकडे कान करून ठेवते. बराच वेळ बघत राहिले. मग आठवलं, चहा मीच प्यायले होते त्यातून. त्याच्या सवयी आता माझ्या हातात यायला लागल्यात, एवढाच त्याचा अर्थ. एवढाच असावा.

तुम्हाला एक विचारायचं होतं. नावेतल्या सवयींबद्दल. राहू द्या.

वहिनी


१४ फेब्रुवारी

भाऊजी,

मी मूर्ख आहे. तो हात तुमचा आहे.

काल कचेरीत एका कारखान्यातल्या माणसाचा दावा समोर आला. उजवा हात, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मी शिक्का उचलला आणि तसाच हातात राहिला. तुमच्या हाताला काय झालं ते मला माहीत नव्हतं असं नाही. त्या गोळ्यात मी फक्त त्याला शोधत होते, म्हणून तुम्ही दिसला नाहीत.

आता लिहितेच आहे तर सगळं लिहिते. नऊ वर्षांपूर्वी त्यानं नांगर टाकला तेव्हा दोराचा वेढा तुमच्या हाताभोवती आहे हे त्यानं बघितलं नव्हतं. दवाखान्यात तुम्ही त्याला म्हणालात, "बरं झालं दादा, आता मला आठच्या पुढे कुणी हिशेब विचारणार नाही." तुम्ही त्याला हसवायला म्हणालात, हे मला तेव्हाही कळलं होतं. तो उठून बाहेर गेला. तुम्हाला वाटलं त्यानं पाठ फिरवली. तो जिन्यात बसला होता, तोंडात रुमाल कोंबून. मी दोन्हीकडे बघितलं आणि वाटलं, भाऊ आहेत, चार दिवसांत बोलतील. पुढे तुम्ही गाव बदललंत, नंबर बदललात. तो दर दिवाळीला, दर लग्नाला, तुम्ही येणार असाल तर जायचा नाही. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. भांडण झालंच नव्हतं.

तर त्यानं आपली दोन बोटं मुडपून तुमचा हात केला आणि लांबीत दाबला. रॉड तुमच्यासाठी आहे.

हे कळल्यावर मला रडू यायला हवं होतं. मला भीती वाटली. का, ते आता सांगते. पहिल्या पत्रात आनंद झाला म्हणून लिहिलं होतं, त्याचंही कारण हेच.

पोलिसांनी अपघात लिहिला, नावेतून पडून बुडाला म्हणून. आमच्या कंपनीनंही तपासून अपघातच लिहिला. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानं लिहिला आणि मला कागद दाखवताना माझ्याकडे बघितलं नाही. मीच एकटी अजून तपासतेय. शांत पाणी, वारा नाही, नाव तीच, लहानपणापासूनची. तो एकटा गेला, मला न उठवता. आणि नावेत त्याचे बूट होते. काढून ठेवलेले, शेजारी शेजारी, मोजे आत खोचलेले. भाऊजी, मी असे किती दावे वाचलेत. पुलावर, विहिरीच्या काठावर, गच्चीच्या कठड्याशी. लोक बूट काढून ठेवतात.

अशा वेळी आम्ही दुसऱ्या बाजूचा पुरावा शोधतो. परतीचं तिकीट. दाताच्या डॉक्टरची पुढची तारीख. करायला टाकलेला कोट. माणसाला पुढे जगायचं होतं असं दाखवणारं काहीही. तीन महिने मला असं काहीच मिळालं नाही. मग त्या फोनवर आवाज आला, काठी तयार आहे, मूठ राहिली. ज्या माणसाला येत्या शनिवारी आपल्या हाताची मूठ निवडायची आहे तो... तुम्हाला कळलं असेल. त्या एका रॉडला टेकून मी पंधरा दिवस उभी होते.

आणि आता रॉड त्याचा नाही. निरोप घेणारा माणूसही वस्तू करायला टाकतो. मागे राहणाऱ्यांसाठी.

म्हणून विचारते. मी कधी तुमच्याबरोबर नावेत बसले नाही, मला पाण्याची भीती वाटते. तुमच्याशिवाय हे कुणालाच माहीत नाही. नावेत बसल्यावर तो बूट काढायचा का?

काय असेल ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. मला ते ओळखू येतं, माझा पगारच त्याचा आहे.

वहिनी


२ मार्च

भाऊजी,

तुमची चिठ्ठी मिळाली. नऊ वर्षांनी तुमचं अक्षर बघितलं. डाव्या हातानं लिहिता आता.

"बूट मी काढायचो. मोजे आत खोचायचो. दादा कधीच नाही, पाय गार पडतात म्हणायचा."

खरं लिहिलंत, उपकार झाले. पण त्या दिवशी मी कचेरीत गेले नाही. खाली बसले तर उठवणार नाही असं वाटून घरभर फिरत राहिले. प्रत्येक ठिकाणी त्याची मूठ होती. दाराची कडी, छत्रीचा दांडा, कात्री, फ्रिजच्या हँडलवरचा झिजलेला रंग. माणूस जातो आणि घरातली धरायची सगळी ठिकाणं तशीच धरलेली राहतात. कडीला हात लावायच्या आधी मी क्षणभर थांबायला लागले, समोरून कुणी लावतंय की काय म्हणून. हे वाचून काळजी करू नका. मी जेवतेय, झोपतेय.

शनिवारी अर्धा सूताकडे गेले ते हे संपवायला. म्हटलं, बुचाची मूठ घाला, कुठलीही घाला, चिकटवा आणि या पत्त्यावर पाठवून द्या.

"नाही जमायचं," म्हणाला.

"का? पैसे तर—"

"पैशाचं कोण बोलतंय ताई? मूठ मी हातासमोर चिकटवतो. हात आल्याशिवाय गोंद लावत नाही. वीस वर्षांत लावलेला नाही."

"तुमच्याकडे माप आहे की."

"मापाला काय होतंय? माप म्हणजे बायोडेटा. प्रत्यक्ष मुलगी बघायला नको?" मग माझा चेहरा बघून जरा नरमला. "तुमच्या साहेबांनीही हेच विचारलं होतं. पहिल्याच दिवशी."

मी म्हटलं, काय विचारलं होतं?

"हेच. भावाला पाठवायचा आहे, पाठवता येईल का म्हणाले. मी म्हटलं, पाठवायचाच असेल तर समोर दुकान आहे, तयार रॉड घ्या, खोक्यात घालून देतील. माझ्याकडे करायचा असेल तर भाऊ इथे आला पाहिजे. त्या स्टुलावर बसला पाहिजे. गेले दुकानात. मी म्हटलं, गेलं गिऱ्हाईक. त्या दुकानाच्या काचेतून दिसत होते. एकेक रॉड उचलून बघत होते, ठेवत होते. मग रस्ता ओलांडून परत आले. तुम्ही बसलाय त्याच स्टुलावर बसले. मी माझं काम करत राहिलो. शेवटी म्हणाले, 'मग आणतो त्याला.'"

भाऊजी, मी त्याला हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. 'मग आणतो त्याला.'

"दुसऱ्या दिवशी तो गोळा घेऊन आले. म्हणाले, 'याच्यावरून ढोबळ आकार काढून ठेवा, म्हणजे त्याला फार वेळ हात पुढे करून बसावं लागणार नाही. त्याला आवडत नाही कुणी हाताकडे बघितलेलं.' आणि म्हणाले, 'आधी मी जरा सवय करून बघतो, मग त्याला बोलावतो.' कसली सवय ते नाही सांगितलं."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात येणंजाणं नाही. मी परका माणूस. मेलेल्या माणसाच्या मनातलं त्याच्या बायकोला मी कशाला सांगायला जाऊ?" आणि मग, स्वतःशी बोलल्यासारखं, "दोनदा विचारलं होतं तसं मी."

विचारलं होतं खरं.

मी हे सगळं परत परत तपासलं. माझ्या बाजूनं कल देत नाहीये ना, तेही तपासलं. ज्याला निरोप घ्यायचा होता त्याच्यासमोर खोक्यात घालून मिळणारा रॉड होता, पत्ता लिहिला की काम झालं. तो रस्ता ओलांडून परत आला, आणि जो रॉड तुम्ही आल्याशिवाय पुराच होत नाही तो त्यानं मागितला. याहून मोठं परतीचं तिकीट मी आजवर कुठल्याच फायलीत बघितलेलं नाही.

बूट का काढले असतील, तेही मला आता कळलंय असं वाटतं. ते पत्रात लिहीत नाही. लिहावं की नाही यावर मी आठवडाभर स्वतःशी भांडतेय. जे मला सोडवतंय ते तुम्हाला बांधून ठेवेल की काय, असं वाटतं. आणि तुम्ही समोर नसताना मी ते ठरवणं बरोबर नाही.

बुचाची मूठ ढोबळ कापून तयार आहे. काठीवर चढवली आहे, गोंद नाही, हातानं फिरवली तर फिरते. या. घरी यायचं नसेल तर थेट तिथे या. सायकलच्या दुकानामागे. मी बाहेर उभी राहीन.

वहिनी


२३ मार्च

भाऊजी,

तुम्ही स्वतः तिथे होतात, तरी लिहिते. कारण तुम्ही सगळा वेळ खाली बघत होतात, आणि मला वाटतं काही गोष्टी तुम्हाला दिसल्या नाहीत.

तुम्ही त्या स्टुलावर बसलात आणि हात खिशातून काढायला वेळ लावलात. अर्धा सूतानं तेवढा वेळ मुद्दाम एक डबी शोधण्यात घालवला. डबी समोरच होती. ते तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही आधी तो गोळा धरलात. अंगठा बसला, तर्जनी बसली, मधलं बसलं. आणि मग अडलं. त्यानं तुमच्या हाताचा गुळगुळीत उतार केला होता, आणि तुमचं करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापर्यंत शिल्लक आहे.

"अरे!" तुम्ही म्हणालात. "दादानं माझं अर्धं बोट खाल्लं की."

अर्धा सूत खो खो हसला. तुम्ही हसलात. मीही हसले, आणि हसता हसता मला कळलं की आयुष्यभर लोकांच्या नाकांची मापं घेतलेल्या माणसानं आपल्या भावाच्या हाताकडे नऊ वर्षांत एकदाही नीट बघितलं नव्हतं. त्याच्या मनात तो हात होता त्याहून जास्त तुटलेला होता. त्याला फक्त एकदा बघायला हवं होतं. अर्ध्या बोटाइतकं तरी ओझं कमी झालं असतं.

मग ते काम झालं. मागचा दांडा कोपराखाली टेकेल इतका लांब, म्हणजे ओझं बोटांवर येणार नाही आणि हात त्याला पेलून धरेल. पुढे बूच जरा जाड. आणि अर्ध्या बोटासाठी कानशीनं एक खोलगट जागा. तो घासायचा, तुम्ही धरायचात, तो घासायचा. एकदा तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "आता कळत नाही." तो म्हणाला, "काय कळत नाही?" तुम्ही म्हणालात, "हात मिटलाय ते." त्याच क्षणी त्यानं गोंद घेतला. त्या वेळचा तुमचा चेहरा तुमच्या दादाला दिसायला हवा होता. तो मी बघून घेतला.

बाहेर सायकलींच्या रांगेशी तुम्ही विचारलंत, माझ्याकडे न बघता, "वहिनी, त्याच्या बोटांना काही बांधलं होतं का?"

मी सांगायचं की नाही यावर महिनाभर भांडत होते, आणि तुम्ही सरळ विचारलंत.

"टेप होती," मी म्हटलं. "काळी, विजेच्या तारांना लावतात ती. दोन्ही बोटं तळहाताकडे दुमडून गुंडाळलेली." मला ती दवाखान्यात दिसली होती. कुणी काही विचारलं नाही, जखम झाली असेल म्हणाले. जखम नव्हती. आधीचे तीन महिने मला झोपेत ती टेप दिसायची.

"म्हणजे माझ्या जागेवर बसला होता," तुम्ही म्हणालात. "बूट काढून. माझ्यासारखा."

"सवय करून बघतो, म्हणाला होता."

तुम्ही बराच वेळ एका सायकलचं पॅडल उलटं फिरवत राहिलात. मग म्हणालात, "तीन बोटांनी मासा लागला ना वहिनी, की पहिल्या काही वेळा रॉड जातोच हातातून. जाऊ द्यायचा असतो. मी दोन घालवलेत. त्याला कोण सांगणार?"

तुम्ही तिकडे एकटेच परत मासे धरायला लागला होतात, हे मला तेव्हा कळलं. त्याला कधीच कळलं नाही. त्याला वाटायचं तुमचं सगळं त्या दिवशी सुटलं.

मी म्हटलं, "बाबांचा रॉड त्यानं जाऊ दिला नसता."

"नाही," तुम्ही म्हणालात. "वाकला असेल त्याच्यामागे." आणि मग, "म्हणजे माझ्याच—"

मी तुम्हाला वाक्य पुरं करू दिलं नाही, 'नाही' म्हणाले. ते 'नाही' मी तपासून म्हटलं नव्हतं, तोंडातून निघालं. तुम्ही गेल्यावर मला त्याची टोचणी लागली, म्हणून बसून नीट तपासलं. तुमच्या बाजूनं, त्याच्या बाजूनं, पाण्याच्या बाजूनंसुद्धा. अजूनही नाहीच. माझ्याकडे हा दावा आला असता तर कारणाच्या रकान्यात मी एकच ओळ लिहिली असती: हा माणूस भावाकडे निघाला होता, वाटेत अपघात झाला. वाटेत अपघात होतात, भाऊजी. ज्याच्या घरी निघालो त्याचा त्यात दोष नसतो.

निघताना तुम्ही विचारलंत, "हा गोळा मी नेऊ?" आणि मी तुटकपणे नाही म्हणाले. तुम्ही "बरं" म्हणालात. वाईट वाटलं असेल. त्याचं कारण द्यायचं राहिलं.

तुमच्या हाताला तो तसाही बसत नाही. पण मला बसतो. रोज सकाळी मी तो एकदा धरते. माझा अंगठा त्याच्या अंगठ्याच्या खळग्यात बुडून जातो, ती रेघ मला पेराखाली लागते. तर्जनी, मधलं बोट, सगळं सैल. आणि पुढे जिथे त्यानं आपली दोन बोटं मुडपून घेतली होती, त्या गुळगुळीत उतारावर माझी दोन टेकतात. या घरात धरायची एवढी ठिकाणं आहेत, पण मोकळी जागा ठेवलेलं हे एकच.

मोबाईल परवापासून चार्जिंगला लावलेला नाही. कप अजून खिडकीकडेच कान करून ठेवते. तो आता माझाही कोन झाला.

रॉड पाण्यावर न्याल तेव्हा बूट काढा किंवा घाला, तुमची मर्जी. पण पहिला मासा मोठा निघाला, ओढ बसली आणि मूठ सुटायला लागली, तर सुटू द्या. त्याच्यामागे वाकू नका. काठी गेली तर गेली, दुसरी बांधता येते. अर्धा सूताला आता तुमचा हात माहीत आहे, तरी तो तुम्हाला पुन्हा स्टुलावर बसवल्याशिवाय गोंद लावणार नाही, आणि मला तेच हवं आहे.

आणि घरी या. या वेळी फाटकातून परत जाऊ नका.

वहिनी